शालनची पोहोच

१३ नोव्हें., गुरु. ओसाका.
शालनच्या बॅगेतून निघाले ते: घरची लाल चटणी १ किलो (मिरची, कांडप धरून रु. ६००), गुळाची ढेप १ (रु. ७०), भाजक्या शेंगा २ किलो (रु. २४०), समईच्या वाती १ पुडा (रु. २०). पैसे घेईना. लिहून ठेवले.
इथं लेकाकडे, अभिकडे आल्यापासून सात महिन्यांत पहिल्यांदा कुणी "सुमे" म्हणून हाक मारली. कोडोलीच्या शाळेत एका बाकावर होतो दोघी, त्यानंतर ती उचगावला दिली, मी कोल्हापुरात. टूरवाल्यांनी तिला तीन रात्री माझ्याकडे राहू दिलं, हे देवीचेच उपकार. इथल्या रेल्वेत सगळे गप्प बसलेले, आणि ही मोठ्यांदा, "सुमे, हितं कोण मेलंय का?" मला घाम फुटला.
चेरीची फुलं नाहीत आता, पण बागेत लाल पानांची झाडं आहेत. तिथं तिचा फोटो काढला. जरीकाठाची साडी, हसरी. आपल्याकडे आलेलं माणूस पोचलं हे त्याच्या घरी कळवायला नको? तिच्या जावेचा, रत्नाबाईंचा, नंबर होता माझ्याकडे. फोटो पाठवला, खाली लिहिलं, "शालनताई सुखरूप पोचल्या. काळजी नसावी."

१४ नोव्हें., शुक्र.
रत्नाबाईंनी काल रात्रीच वाचलंय. उत्तर नाही. साधं "बरं" म्हणायला काय झालं? मोठ्या जावेचा ताठा.
शा. काहीतरी लपवते आहे. दोन दिवसांत घरी एक फोन नाही. "भाऊजी का नाही आले? दोघांचे पैसे भरले होते ना?" तर म्हणे, "त्यास्नी विमानाचं भ्या वाटतंय." आणि लगेच, "चा टाक की." अभि व सूनबाई ऑफिसला गेल्यावर खिडकीशी नुसती बसून होती. विचारावं की नाही...

१५ नोव्हें., शनि. एकादशी.
अभि व सूनबाई झोपल्यावर लिहिते.
उद्या पहाटे निघायची, म्हणून आज दिवा लावल्यावर ओटी भरायला बसवलं. खण, तांदूळ, नारळ (भारतीय दुकानातून, ४८० येन). कुंकवाचं बोट पुढं केलं तर तिनं मनगट धरलं.
"नगं, सुमे. आमचं हे गेलं."
"कुठं गेले?" मी विचारलं. खरंच विचारलं.
"कुठं म्हंजे? पंचगंगेला. आज म्हैना झाला."
मी हात मागं घेतला. आपोआप गेला. तिनं पाहिलं.
मग सगळं सांगितलं. न रडता. दवाखान्यात भाऊजी म्हणाले होते, "माझं काय खरं न्हाय. तू जा. भरल्यालं पैसं बुडवू नगंस." टिकली लावली ती टूरमधल्या बायका विचारत बसतील म्हणून. जाऊबाईंचा हुकूम होता, वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून पोरानं घरी सांगितलं, आई कोडोलीला इंदूमावशीकडं गेलीया, आणि मुंबईला नेऊन विमानात बसवलं.
महिना होतो न होतो तोच ही जपान बघत हिंडते! अंबाबाई. मी उपासाची, माझ्या तोंडून निघून गेलं, "शालन, तुला काही वाटलं नाही?"
"वाटतंय की. रोज वाटतंय. घरात बसून जास्त वाटलं असतं."
आणि तेवढ्यात मला फोटो आठवला. सांगितलं तिला.
ती आधी हसली. मग विचारलं, "फोटूत टिकली दिसती व्हय?"
"दिसते."
"त्याच घरात ऱ्हायाचं हाय मला, सुमे. वरची खोली दिरांच्या नावावर हाय."
मी काय करून बसले.

१६ नोव्हें., रवि.
स्टेशनवर नारळ दिला. कुंकू न लावता, नुसता हातात. तिनं तो फिरवून बघितला. "आता ह्यो नुसता नारळ व्हय?"
मी तिच्या पिशवीचा बंद नीट केला. "येतो," म्हणाली. दार लागलं.
अभि म्हणतो, "आई, आजच्या काळात असलं काही नसतं." त्याला उचगावची रत्नाबाई माहीत नाही.

१९ नोव्हें., बुध.
रत्नाबाईंचं उत्तर आलं. सहा दिवसांनी. "कळवल्याबद्दल आभारी आहे. पुढचं आम्ही बघतो."
तेवढंच. दहा वेळा वाचलं. भाजीत मीठ दोनदा पडलं.
फोटो काढून टाकता येतो का, अभिला विचारलं. म्हणाला, "त्यांनी बघितलाय आई, आता काढून काय उपयोग?"

२४ नोव्हें., सोम.
टूर शुक्रवारी परतली. शालनचा फोन बंद. शुक्र, शनि, रवि, आज, सगळे दिवस बंद. तिच्या पोराचा नंबर माझ्याकडे नाही. उचगावला पत्र टाकलं तर ते रत्नाबाईंच्याच हातात पडेल, म्हणून कोडोलीला इंदूच्या पत्त्यावर लिहिलं. (टपाल १२० येन.) नक्कल इथं ठेवते.

"प्रिय शालन, स. न. वि. वि.
फोटो मी पाठवला. जाणून नाही, पण मीच पाठवला. रत्नाबाईंना आज वेगळं लिहिते आहे की शालनला मीच हट्टानं बोलावलं होतं. खोटं आहे, एकादशी मोडल्यासारखं वाटतंय, तरी लिहिते. त्या दिवशी हात मागं घेतला त्याचं काय करू, कळत नाही. चूक झाली असं माझं मन अजून म्हणत नाही, आणि बरोबर केलं असंही म्हणत नाही. तू शिव्या दे. मी वाचीन.
तुला वरच्या खोलीत घेतलं का? की इंदूकडंच आहेस? जेवतेस ना? इकडून तिकडचं तिकीट लावता येत नाही, म्हणून नुसतंच पाकीट, वर माझा इथला पत्ता अभिकडून इंग्रजीत लिहून घेऊन, आत घातलं आहे. दोन ओळी पुरेत. उलट टपाली टाक."