सपाट म्हणजे वळण नव्हे

सोमवार, ३ मार्च

आज पुन्हा चुकलं! आलेख इतका देखणा काढला होता, की चौकटीत बसवून भिंतीवर लावावा. वहिनी मटार सोलता सोलता वाकून म्हणाली, "भावजी, ही रेघ दोन्हीकडे का थांबली?"

थांबली, कारण मीच थांबवली. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवतो. अक्षराचं टोक गोल करायचं आणि ब्रश हलकेच उचलायचा. तोच हात इथेही चालला. रेघ जाड-बारीकसुद्धा केली होती! पुस्तकात पाहिलं, तर बहुपदीचा आलेख संपतच नाही. टोकांना बाण हवेत.

बारावीचं गणित तेवढं राहिलंय. दोनदा नापास झालो. ही शेवटची खेप, दादाला तसा शब्द दिलाय. सुटलं तर नकाशे काढायचा कोर्स. नाहीतर पुस्तकं माळ्यावर आणि मी जन्मभर ब्रशवर. ब्रश वाईट नाही. पण मला नकाशेच काढायचेत.

मंगळवार, ४ मार्च

'अवकलज'. शब्द कोशात तपासून लिहिला. वहिनी म्हणते, "खोकल्याचं औषध वाटतंय!"

तिला सगळं फोडून सांगावं लागतं, त्याशिवाय सोडत नाही. सांगितलं – रेघेवरून चालत निघालो, तर त्या जागी चढ किती, ते अवकलज सांगतो. धन म्हणजे चढण. ऋण म्हणजे उतार. शून्य म्हणजे सपाट.

दादा बस चालवतो. ताटावरून म्हणाला, "म्हणजे गिअर कधी बदलायचा तेच ना? एवढ्यासाठी पुस्तक कशाला?"

"तुम्ही जेवा," वहिनी म्हणाली. "हं भावजी, सपाट झाल्यावर पुढे?"

शुक्रवार, ७ मार्च

जमलं! जमलं!! 'क्ष'चा घन वजा तीन 'क्ष'. अवकलज शून्य कुठे होतो – उणे एकपाशी आणि एकपाशी. म्हणजे आधी चढण, मग माथा, मग उतार, तळ, पुन्हा चढण. रेघ काढायच्या आधीच कळलं ती कुठे वळणार! इतके दिवस ठिपके मांडून नुसते जोडत होतो. दोन ठिपक्यांच्या मधे काय चाललंय, देव जाणे.

दुकानात शीळ घालत होतो. दुकानाचे मालक पेंटरकाका म्हणाले, "काय रे, लग्न ठरलं की काय?"

रविवार, ९ मार्च

सगळं मुसळ केरात. 'क्ष'चा चौथा घात वजा चार 'क्ष' घन. अवकलज शून्यापाशी शून्य, तीनपाशी शून्य. दोन्हीकडे झोकात वळण दिलं. उत्तर जुळेना. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. कागद फाटला.

"सोडून देतो," म्हणालो.

वहिनी ताडकन उठली. मटार घरभर! "सोडता कसे? तुम्ही सोडलंत तर चालायचं नाही!"

एवढा राग कशाला? परीक्षा माझी, नापास मी होणार. मटार वेचले.

सोमवार, १० मार्च

वहिनी अजून रागात. चहाचा कप आपटून ठेवला. साखर मात्र नेहमीपेक्षा जास्त होती.

मंगळवार, ११ मार्च

सुटलं! आणि सोडवलं कोणी? वहिनीने!

सकाळी इस्त्री करताना अचानक म्हणाली, "शून्याच्या अलीकडे काय आहे? उतार. पलीकडे? उतारच. मग मधे वळायचं कशाला?"

मी उडालोच. सपाट म्हणजे वळण नव्हे! दोन्ही बाजूंची चिन्हं बघायची. बदलली तरच वळण. इथे रेघ नुसती दम खाते आणि पुन्हा उतरू लागते. खरा तळ तीनपाशी, उणे सत्तावीस इतका खोल. तिथून जी वर उठते ती थांबतच नाही!

वहिनीने माझी पेन्सिल ओढून घेतली आणि स्वतः आलेख काढून पाहिला. रेघ कापरी, बाण वाकडे, पण सगळं बरोबर. मी म्हटलं, "हाताला वळण नाही हो तुमच्या."

"आलेखाला आहे ना? झालं तर!"

दोघंही इतके हसलो, की दादाचा शर्ट करपला.

शनिवार, १५ मार्च

परवा पेपर. पेनं तपासली, पेन्सिलींना टोकं काढली, पुन्हा काढली. दादाने सोमवारी रजा टाकली आहे. म्हणतो, "घर बघायला." घर कुठे पळून चाललंय? पण विचारायची हिंमत झाली नाही.

सोमवार, १७ मार्च

बाकावर बसलो. मागून आवाज आला – "भावजी, पाय हलवू नका हो, माझा बाक हलतोय."

वळून पाहिलं. वहिनी! हातात हॉल तिकीट.

"लग्नाआधीचं माझंही गणितच राहिलं होतं," ती म्हणाली. "पुढे बघा आता. पेपर वाटतायत."