दोणीतलं गुलाबी घर

सोलापूर, मंगळवार

चि. जोतिराम यास, थोरला भाऊ गुंडा याचा भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझ्या केराबाईंचा खोकला आणि काळी मेंढी (व्यायली का?) यांची खुशाली कळव. मी बरा आहे, म्हणजे चार दिवस जेवण जात नाही, पण ताप नाही.

झालं असं. गावाहून येताना मेंढ्यांना पाणी पाजायची दगडी दोणी आणली होती (सूनबाई त्यावरून अजून बोलते), ती अंगणात चिमण्यांसाठी भरून ठेवतो. नात ऋतुजा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिने दोणीच्या तळचा गाळ नेला आणि त्यात कवचवाला अमिबा निघाला. हा डोळ्याला न दिसणारा जीव वाळूचे कण गोळा करून स्वतःभोवती घर बांधतो. त्याची प्रजाती ओळखताना घर बघतात : आकार केवढा, तोंड कसं, कशाचं बांधलंय. आत राहणाऱ्याला फारसं कोणी विचारत नाही (शहरात तसंच आहे). ओळख पटली की ऋतुजाचा प्रकल्प पुरा. "आबा, दोणीला हात लावलात तर बोलणार न्हाय मी," असं तिने बजावलं.

हात नाही लावला. पण जीव राहीना. दोणी मी दर आठवड्याला घासत आलेलो, तिच्यात वाळू कुठली? बिचारे घर कशाचं बांधणार? म्हणून चिमूटभर गुलाबी रांगोळी वस्त्रगाळ करून आत सोडली. दोनदा. तीनदा म्हण.

आठ दिवसांनी पुन्हा गाळ नेला, तर घरं गुलाबी! तिच्या कॉलेजच्या मॅडमनी चार पुस्तकं उलटली, गुलाबी कुठेच नाही. म्हणाल्या, ही नवीच प्रजाती दिसते. आता तीन आठवड्यांनी पुण्याहून मोठे साहेब बघायला येणार. ऋतुजाने प्रजातीला माझंच नाव द्यायचं ठरवलंय. "आबा, तुमी आता पुस्तकात जाणार की!" सांगावं तर पोरीची कॉलेजभर फजिती, न सांगावं तर साहेबांपुढे, आणि तीही माझ्या नावानं.

घरात सगळ्यांना विचारलं म्हणून सांग.

तुझा,
गुंडा

ता. क. मॅडमना आणखी नमुने हवेत आणि गावाहून आणलेली रांगोळी संपली. तुमच्या बाजारातली पावशेर एसटीने पाठव. इथली गडद आहे, ती टाकली तर आणखी एक प्रजाती निघेल.

पुन्हा ता. क. पाकिटावर पत्ता लिहायला ऋतुजाकडे दिलं, चिकटवायचं विसरलो. तिने सगळं वाचलं. मग म्हणाली, "गुलाबी नको, हिरवी मागवा. त्या अमिबांनीच हिरवं घर बांधून दाखवलं, म्हणजे रंग जिवाचा न्हाय, मिळेल त्या कणांचा असं दिसलं, तर मॅडमना सांगायला तोंड तरी राहील." सांगायचं काम मात्र तिने माझ्यावर टाकलंय. तेव्हा रांगोळी एसटीने पाठवू नकोस, तूच घेऊन ये. तुला मॅडम ओळखत नाहीत, म्हणून तूच बोल. मी मान हलवतो.