कासवाचं घर आणि जास्वंद

रविवार, ४ जानेवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. गव्हाणीशेजारी बसून लिहितोय.

कासवाच्या पिल्लाचं घर झालं. शेळ्यांच्या जुन्या लाकडी गव्हाणीत चार बोटं माती, एका टोकाला कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतात तो बल्ब, दुसरं टोक थंड. बल्बची उंची तीनदा मोजली. पण दुपारी आईनं देवळातल्या कासवासारखं त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात जास्वंद ठेवली. हळदकुंकू मी ओल्या फडक्यानं पुसलं. तेव्हापासून डोकं आतच. मेथीला तोंड लावलं नाही. मरणार तर नाही ना? बल्ब पुन्हा मोजला.

आई म्हणाली, "देवाला पुसतोस व्हय रं? रुसलंय ते."

आत्ता मान बाहेर आली! बल्बखालून चालत गेलं, मेथी तुडवली आणि आईची जास्वंद खाल्ली.

खर्च: बल्ब आणि होल्डर, दोनशे दहा रुपये. देणं: आईला जास्वंदीचं एक फूल.