मामांचं वजन आणि समोरचा टेलर

ताईच्या पाया पडतो (लांबूनच, जवळ असतो तर तू आधी माझा कान धरला असतास).

दीड महिन्यात एक ओळ लिहिली नाही, हे कबूल. पहिल्या आठवड्यात पेन नव्हतं, दुसऱ्यात पेन सापडलं पण सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि मग सांगण्यासारखं एवढं झालं की लिहायचा धीर होईना. फोनवर बोलावं तर हॉस्पिटलजवळची ही खोली एवढीशी, मामा सगळं ऐकतात. तुझी पाठ कशी आहे? पोरं बरी असतीलच, ती कायम बरीच असतात.

मामा मजेत आहेत. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील. गाठीसकट सगळं जठर काढलं आणि अन्ननलिका थेट आतड्याला जोडली, हे तुला ठाऊक आहेच. सर्जनबाई कागदावर चित्र काढून ते समजावत होत्या, तेव्हा मामांनी चष्मा चढवून विचारलं, "टाका कुठला घातलात? आणि शिलाईला जागा किती सोडलीत?" (तीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलेला माणूस, जित्याची खोड!) बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गाठीपासून बरंच अंतर सोडून कापलंय, कडा स्वच्छ आल्यात." मामा म्हणाले, "मग उसवणार नाही," आणि निवांत झोपले.

आता माझा पराक्रम. पोटातली पिशवीच गेल्यामुळे मामांनी दिवसातून आठ वेळा एकेक छोटी वाटी, सावकाश चावून खायची, आणि मी ते वहीत मांडायचं, असा आहारवाल्या बाईंचा हुकूम. मामा दोन चमचे खाऊन वाटी सरकवायचे, "नको रे." आता उरलेला मऊ भात टाकवतो का? (बोटीवर काम करायचो तेव्हा एक शीत जरी टाकलं तरी आचारी पाण्यात ढकलायचा. तो आचारी पुढे न्हावी झाला, पण ते राहू दे.) मी वाटी संपवायचो आणि वहीत लिहायचो, 'पूर्ण'. वाटी पूर्ण झालीच होती, खोटं काय त्यात?

दोन आठवड्यांनी वजन केलं. मामा तीन किलो उतरलेले. बाईंनी वही चाळली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीही उभे राहा काट्यावर." मी तीन किलो चढलेलो. वजन घरातल्या घरातच होतं म्हणायचं! पण बाई ओरडल्या नाहीत, त्यानेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाल्या, जठराभोवतालच्या चोवीस लसिकाग्रंथी तपासल्या, त्यांपैकी दोन खराब निघाल्यात, केमो वेळेवर सुरू व्हायला हवी, आणि वजन असंच घसरलं तर ती देता येणार नाही. मी खाली मान घालून उभा. तर मामाच म्हणाले, "पोराला बोलू नका, वाटी मी सरकवायचो."

खोलीवर आलो. मामा म्हणाले, भूक म्हणून लागतच नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी ठोकून दिलं, "ताई सांगत होती, तुमच्या दुकानासमोरच्या टेलरने नवी पाटी लावलीय, 'शहरातला एकमेव टेलर'." (तू सांगितलं नव्हतंस. माफ कर.) "एकमेव? त्याला कॉलर तरी सरळ बसवता येते का?" मामा जे सुरू झाले ते वाटीचा तळ दिसेपर्यंत थांबले नाहीत, आणि आपण जेवलो हे त्यांना कळलंही नाही!

तेव्हापासून आठ वाट्या, आठ बातम्या. पोस्टमनने पँट त्याच्याकडे टाकली, की अंडं संपलं. शाळेचे गणवेश त्याला मिळाले, की दही संपलं. फार मोठी बातमी मात्र द्यायची नाही. मामा भराभर गिळतात, मग घाम, धडधड, तासभर आडवे. बातमीही मापातच वाढावी लागते. काल वजन झालं, सव्वा किलो वर! सोमवारपासून केमो. आहारवाल्या बाईंनी मलाही काट्यावर चढवलं. विश्वास असा पटकन परत येत नाही.

तुझा धाकटा (आता जरा रुंद)

ता. क. खरं कामाचं आता. माझ्या बातम्या संपल्या. तुझ्या गॅलरीतून त्याचं दुकान दिसतं, तेव्हा पंचवीसेक बातम्या लगेच पाठव, खऱ्या असल्या तरी चालतील. परवा काहीच सुचेना म्हणून मी सांगून बसलो की समोरचा दुकान बंद करतोय. मामांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "मग भांडायचं कोणाशी?" वाटी तशीच राहिली. तसली बातमी पाठवू नकोस.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दार वाजलं. समोरचाच, थेट तिकडून आलेला! गळ्यात टेप! मामांनी काल मी दूध आणायला गेलो असताना त्याला फोन केला होता म्हणे. "दुकान बंद करतोय असं कोण म्हणालं?" त्याने विचारलं. मामांनी माझ्याकडे बोट केलं. मग त्याने मामांचा लोंबणारा शर्ट चिमटीत धरला, "दोन इंच आत घ्यायला हवा." "हात लावू नकोस," मामा म्हणाले, "शर्ट आहे तसाच राहील, मीच अंगाने भरतो. तुझ्या शिलाईवर माझा भरवसा नाही." आणि मला म्हणाले, "बघतोस काय, वाटी आण."

बातम्या राहू दे. चारची वाटी पूर्ण. (मी बोटही लावलेलं नाही.)