काळ्या पिंपातला उष्टा घोट

१२ सप्टेंबर १९८४, सोनोमा, अमेरिका
पोचलो एकदाचा! बेल्त्रामींच्या वायनरीचा नवा केमिस्ट, म्हणजे अस्मादिक चारुदत्त, आणि राहायला द्राक्षमळ्यातच दोन खोल्या. मालक रेन्झो. त्याच्या आजोबांनी इटलीहून वेली आणल्या, तेव्हापासून इथे सगळं हातानं करतात. त्याची आई आसुंता. मी तिला मावशी म्हणून टाकलं, तर तिनं माझा गालच ओढला. माझी बायको दीपा नोव्हेंबरअखेर पुण्याहून येणार म्हटल्यावर दोघांना केवढा आनंद! अडीच महिने कसेबसे ढकलायचे, बस्स.

३ ऑक्टोबर
तोडणी संपली. रस आंबतोय, तळघरभर गोड वास. अगदी आत भिंतीशी एक काळं पिंप आहे, आजोबांच्या वेळचं, कधीच रिकामं न केलेलं. आज त्याचा रिवाज पाहिला. घरातल्या प्रत्येकानं ग्लासभर काढून एक घोट घ्यायचा आणि उरलेलं परत पिंपात ओतायचं. शी! उष्टं! मी पोट बिघडल्याचं सांगून सटकलो. उष्ट्याच्या बाबतीत मी आईच्याही वरताण, फक्त दीपाचं चालतं. लग्नात घास भरवताना ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, तुझं उष्टं मला जन्मभर चालेल.

७ ऑक्टोबर, रविवार
राहवलं नाही. मायलेक चर्चला गेल्यावर ते पिंप रिकामं केलं आणि सोड्याच्या कढत पाण्यानं घासलं. तळाशी सायीसारखा जाड थर होता, हाताला कोमट लागला. खरवडून गटारात टाकला.

संध्याकाळी सांगितलं. वाटलं होतं, आता खरडपट्टी निघणार. पण मावशी माझा हात धरून रडल्या. रेन्झो म्हणाला, पिंपात जे आहे ते घोटांवर भागवत होतं, म्हणून माणसांच्या वाटेला जात नव्हतं. आता ज्यानं रिकामं केलं, त्याच्याच घरानं भरायचं. म्हटलं, अमेरिकेतही भुतं आहेत तर! हसत झोपलो.

१६ ऑक्टोबर
वजन सहा पौंड उतरलं. तोंडाला सारखी कोरड. पिंपातली वाईन लाकडातून थोडी थोडी उडते, हे ठीक. माणूस कसा उडेल? सहज काळ्या पिंपात मोजकाठी घातली. तळाला दोन बोटं लाल. रेन्झो शपथेवर सांगतो, कुणी ओतलेलं नाही.

२९ ऑक्टोबर
बावीस पौंड. डॉक्टरांच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल. पिंपात वीतभर. मी उतरतो तेवढंच ते चढतं— मोजून पाहिलंय. काल गाडी काढून पळालो. तीन मैलांवर शुद्ध हरपली, रेन्झोनं उचलून आणलं. मावशी समजूत घालतात, तू एकटा म्हणून एवढं लागतं, तुझ्या घरात दोघं झालात की हलकं होईल. दोघं! देवा— दीपा!

६ नोव्हेंबर
तार केली, येऊ नकोस. उत्तर आलं, वेड्या, तिकीट कन्फर्म आहे. मग शेजारच्या काकूंकडे फोन लावून तिला बोलावलं. पण ती फोनवर येईपर्यंत जीभ टाळूला चिकटलेली— नुसता घशातून आवाज. तिला वाटलं, आठवणीनं रडतोय. म्हणाली, येतेय ना मी.

२२ नोव्हेंबर
पाय उचलत नाहीत. पिंप तीन हिस्से भरलं. ती निघायच्या आत मेलो तर— तेही होत नाही. मरू देत नाही ते.

२९ नोव्हेंबर
आली. रेन्झोनं एअरपोर्टवरून आणलं. मला बघून बॅग दारातच टाकली. जा, जा म्हणून खुणा करतोय— तिला वाटतं जवळ बोलावतोय.

मावशी काळ्या पिंपातला ग्लास भरून घेऊन आल्या. डोळे पुसताहेत, तरी आणलाच. एक घोट माझ्या तोंडात ओतला. उरलेला दीपापुढे.

वहीत मोठ्या अक्षरांत लिहितो— पिऊ नकोस— दीपा, वाच— इकडे बघ—

बघत नाही. डोळे भरलेत तिचे. ग्लास उचलला. हसते आहे रडतारडता. म्हणते, तुझं उष्टं मला ज—