त्रेचाळीस बाळं, चार बाटल्या

आई, तुला जाऊन वीस वर्षं होत आली. आज ऑफिसात एका नव्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, भागाकारात अपूर्णांक आला की दर वेळी वरचाच पूर्णांक का घ्यायचा? जवळचा घेतला तर काय बिघडतं?" तिला सांगताना खारबावचा दिवस आठवला, म्हणून तुला लिहितेय.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. तू भिवंडीत एका संस्थेच्या दवाखान्यात नर्स, आणि मी कॉम्प्युटरचा कोर्स करून तिथेच नुकती लागलेली. कोणत्या गावाला गोवराच्या लसीच्या किती बाटल्या न्यायच्या, हे काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. एका बाटलीत दहा डोस. खारबावला त्रेचाळीस बाळं, म्हणजे चार पूर्णांक तीन दशांश. प्रोग्रॅमने जवळचा आकडा घेऊन चार छापले. माझ्या कागदावर विश्वास ठेवून तू बर्फाच्या पेटीत चारच बाटल्या भरल्यास.

मीही बरोबर आले होते, थोडं मिरवायलाच. दुपारी चौथी बाटली संपते आणि रांगेत अजून तीन बायका उभ्या आहेत. पुढची विचारते, "बाय, माझ्या पोरीला सुई न्हाय का?" तिचा आधीचा मुलगा गोवराने गेलेला, हे तुला ठाऊक होतं. "उद्या मी घरी येते तुझ्या," तू तिला म्हणालीस.

परतताना मी पुटपुटले, "शाळेत पॉइंट तीन सोडूनच देतात."

"वहीत सोड. इथे ती तीन लेकरं आहेत. उद्या पेटी तू उचलायची."

दुसऱ्या दिवशी ती तिन्ही घरं आपण चालत केली. पेटीच्या पट्ट्याने माझा खांदा सोलवटला. परत आल्याआल्या मी प्रोग्रॅममधली ती ओळ बदलली: बाळांच्या आकड्यात आधी नऊ मिळवायचे, मग दहाने भागून अपूर्णांक सोडायचा. चाळिसांना चारच बाटल्या, एक्केचाळिसांना मात्र पाच. दवाखान्याचे डॉक्टर वैतागले, "उघडलेल्या बाटलीतले उरलेले डोस फेकावे लागतात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर. तरी ही ओळ मी बदलणार नाही."

आणि नाहीच बदलली. आजही माणसांचा हिशेब असला की वरचाच आकडा घेते, आणि त्यासाठी भांडते.

एक मात्र राहिलं. खारबावला त्या बाईला मी "मशीनची चूक झाली" असं सांगितलं होतं. तू ते ऐकलंस. मशीनने मी लिहिलं तेच केलं होतं, आई. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, तरी हे वाक्य खोडत नाही.