जखमेला छप्पर

आई, काल मागच्या परसातल्या दोन नव्या खोल्यांत पहिले पेशंट झोपले. जिथं तू दोडक्याचे वेल चढवायचीस तिथं आता खाटा आहेत. सकाळी चहा घेऊन गेले तर एक म्हातारा भिंतीला तळवा लावून बसला होता, रंग वाळला की नाही ते पाहत. "पक्की आहे," म्हणाला, जणू भिंत त्यानंच बांधली. हे ऐकायला तू हवी होतीस असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की नाचणगावातल्या नव्या सुनांना तू फक्त फोटोतली माहीत आहेस. त्यांना मी कुठून सांगायला लागू?

मी तरी तिथूनच सुरू करते, ऑटो दारात थांबतो तिथून. मी शाळेत आहे, बाबा पुलगावला गिरणीत, आणि तू सरकारी दवाखान्यात सिस्टर. संध्याकाळची वेळ. तू उतरतेस आणि तुझ्या खांद्याला धरून एक माणूस उतरतो, एका पायाला पांढरी जाड पट्टी. गाद्या भरणारा होता तो. कापूस पिंजायची धनुकली घेऊन गावोगाव हिंडायचा, आणि काम नसेल तेव्हा पुलगाव स्टेशनबाहेरच्या ओट्यावर निजायचा. साखरेच्या आजारानं त्याच्या पायाची बोटं गेली होती. दवाखान्यातून त्याची सुट्टी झाली होती, आणि त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं, त्या खाटेसाठी दुसरा पेशंट खोळंबला होता. पण सुट्टी झालेला माणूस घरी जातो. हा कुठं जाणार होता? ओट्यावरच्या धुळीत ती पट्टी किती टिकेल हे तुला दिसत होतं.

बाबांनी तुला आत बोलावून विचारलं, हा आता इथंच राहणार का. तू पायातल्या चपला काढत म्हणालीस, "दवाखान्यानं औषध देल्लं. आता जखमेले छप्पर पाह्यजे. भरली का जाईन तो."

बाबा वाईट नव्हते, घाबरलेले होते. घरात पोरं आहेत, काही लागलं-बिगलं तर, असं त्यांच्या मनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी कान तुटलेला एक कप त्याच्यासाठी म्हणून खिडकीत वेगळा ठेवला. तू चहा गाळत होतीस. तो कप उचललास, विसळलास, त्यात स्वतःचा चहा ओतलास आणि आमच्या सगळ्यांसमोर उभ्यानं प्यायलीस. मग त्या माणसाला घरातल्या चांगल्या कपात चहा दिलास. आवाज चढवला नाहीस. बाबांना एवढंच म्हणालीस, "आपल्या बापजाद्यांनी लय चहा पेला वेगळ्या कपातून. या घरात वेगळा कप नाई राह्यत." बाबा संध्याकाळी गिरणीतून येताना त्या माणसासाठी बिडीचं बंडल घेऊन आले, आणि त्यावरून तू त्यांना जे बोललीस ते मात्र सगळ्या आळीनं ऐकलं.

पाय भरला, तो गेला. तुझ्या हिशेबानं विषय संपला होता. पण दिवाळीनंतर तो स्वतःच्या पायानं चालत आला. डोक्यावर नवी भरलेली गादी, मागं हाताला प्लास्टर घातलेली एक कचरा वेचणारी बाई. गादी त्यानं पडवीत टाकली आणि म्हणाला, "सिस्टरबाई, इले बी ठेवून घ्या." ती गादी त्यानं भेट म्हणून आणली होती की त्या बाईसाठी, हे आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तू ती झटकून पाहिलीस, कापूस चांगला आहे म्हणालीस आणि तिच्यावर त्या बाईला निजवलंस. तिथून पडवीत कुणी ना कुणी असायचंच. पुढं गोठा रिकामा झाला, त्याचीही खोली झाली.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त नवल तुझ्या मागण्याचं वाटतं. बाजाराच्या दिवशी तू कापडी पिशवी घेऊन पुलगावला निघायचीस, सोबत मी. पैसे तू कधी मागितले नाहीस. जुनी सुती लुगडी आहेत का, ज्वारी निघेल का, एखादी खाट पडून आहे का, असं नेमकं विचारायचीस, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. एक किराणावाला होता, तो दर वेळी नाही म्हणायचा. तू बरं म्हणायचीस आणि आपल्या घरची चहापत्ती त्याच्याच दुकानातून घ्यायचीस. मी एकदा चिडून विचारलं, त्याच्याकडून काऊन घेतं? तू म्हणालीस, "नाई म्हणणाऱ्या माणसाले मंग आपलं तोंड चुकवत फिरा लागते, बेटा. त्याले तशी पाळी नाई येऊ द्याची." पुढं त्याची आई पडली, कंबर मोडली, तेव्हा तिच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला कुशीवर कसं वळवायचं हे तू रोज जाऊन शिकवलंस. त्यानंतर ज्वारीचं पोतं आपणहून यायला लागलं.

समुद्रपूरच्या शाळेतून निवृत्त होऊन मी परत आले, तोवर लोकांनी तुझं काम कसंबसं चालू ठेवलं होतं. जागा मात्र तेवढीच, तुझ्या वेळची. गेल्या पावसाळ्यात पोटाचं ऑपरेशन झालेला एक हमाल दारात आला आणि माझ्याकडं एकही खाट रिकामी नव्हती. दोन दिवसांनी या, मी म्हणाले. तो बसस्टँडवर जाऊन निजला. टाके उसवले, आत पू झाला, पुन्हा दवाखान्यात. वाचला तो, पण त्याला बघायला गेले तर मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही कायले आल्या, त्रास घेऊन." घरी आले आणि ठरवलं, परसात खोल्या बांधायच्या.

तेव्हापासून मी मागत फिरले. सोबत आपल्या आळीतले निवृत्त कंडक्टर काका. त्यांना जिल्ह्यातला प्रत्येक थांबा पाठ, त्यामुळं एसटीनं आम्ही गिरडपर्यंत जाऊन आलो. तिथल्या दर्ग्याच्या टेकडीपायथ्याच्या फुलवाल्यांनी दिलं, आपल्या विहारातल्या बायांनी दिलं. मग कापसाच्या जिनिंगचे एक शेठ भेटले. चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पूर्ण बिल्डिंग माझ्याकडून. काकांनी टेबलाखाली माझा हात दाबला. शेठ पुढं म्हणाले, "फक्त बेवडे ठेवू नका, बाई. चांगल्या गरिबांसाठी करा."

आई, मला हो म्हणावंसं वाटलं. सहा खोल्या झाल्या असत्या, वर पाण्याची टाकी. पण तोंडातून निघालं, "जखमी माणूस दारात आला तर त्याचं तोंड हुंगून आत घ्यायचं का, शेठ?" ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "मले विचार करू द्या." त्याचा अर्थ नाही असा होता, तो आम्हाला दोघांनाही कळला. परतीच्या गाडीत देवळी गेल्यावर काका एवढंच म्हणाले, "तुमची आई बी अशीच होती. तिच्यासंग फिरणं सोपं नव्हतं."

मग तुझंच केलं. शेठ एका लग्नात दिसले, मी वळसा घातला नाही. त्यांच्याच टेबलावर जाऊन जेवले, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, खोल्यांचा विषय काढला नाही. महिन्याभरानं त्यांचा ट्रॅक्टर आला, सळाख आणि सिमेंट घेऊन. ड्रायव्हर म्हणाला, शेठनं सांगितलं, पाटी लावू नका. अट कुठली सांगितली का, मी विचारलं. नाही म्हणाला. तेवढ्या मालात दोन खोल्या बसल्या. वरचा मजला राहिला आहे, त्यासाठी सळाखीची टोकं गच्चीवर उघडी ठेवली आहेत.

परवा छोटा कार्यक्रम केला. तो हमाल आला होता, पहिल्या रांगेत बसला. मला तुझ्याविषयी बोलायला सांगितलं. मी सगळं बोलले, आणि शेवटी म्हणाले की माझी आई कधी थकली नाही. टाळ्या पडल्या. काकांनी डोळे पुसले.

ते खरं नव्हतं. रात्रपाळी करून तू सकाळी यायचीस, पडवीतल्यांच्या पट्ट्या बदलायचीस आणि चुलीपुढं पाटावर बसायचीस ती बसल्या बसल्याच झोपायचीस, हाताला कणीक तशीच. तवा तापून धूर निघायचा. मी तो उतरवायची आणि तुझे हात ओल्या फडक्यानं पुसायची, तू जागी होऊ नयेस म्हणून हळू. लोक न थकणाऱ्या बाईला लवकर देतात, आणि वरचा मजला अजून बांधायचा आहे, म्हणून मी तसं बोलले. वरच्या मजल्यासाठी पुन्हा तसंच बोलेन. हा कागद कुठंच पाठवायचा नाही, तेव्हा इथं लिहून ठेवते: तू फार थकायचीस, आई, मी पाहिलं आहे.